वेल्डरची काळी काच

डोंबिवलीत कोणत्याही इमारतीसमोर उभे राहून वर पाहावे. खिडकीला ग्रिल, बाल्कनीला ग्रिल, जिन्याच्या तोंडाशी सरकते जाळीचे दार, खाली दुकानांची शटर्स. कल्याणला हेच, ठाण्याला हेच. या लोखंडाचा प्रत्येक सांधा कोणीतरी, कधीतरी विजेच्या ठिणगीने जोडलेला आहे. पुष्कळदा तो रस्त्याच्या कडेला, फॅब्रिकेशनच्या दुकानासमोर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत जोडला गेलेला असतो. लहान मुलांना हे दृश्य पाहायला फार आवडते. आम्हालाही लहानपणी आवडत असे.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका शाळेत मधल्या सुट्टीत व्हरांड्याचे ग्रिल दुरुस्त होत होते. पाच-सहा मुले आणि एक शिपाईकाका जवळ उभे राहून ते पाहत होते. त्या वेळी कोणालाही काही झाले नाही. मुले वर्गात गेली, घरी गेली, जेवली, झोपली. मध्यरात्री मात्र एकेक करून सारी रडत उठली. डोळ्यांत वाळू भरल्यासारखे खुपत होते, पाणी थांबत नव्हते, दिवा लावला की पापण्या गच्च मिटत होत्या. एका घरी ‘डोळे आले’ म्हणून मुलाचा टॉवेल वेगळा ठेवला. दुसऱ्या घरी डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. तिसऱ्या घरी संशय गेला तो मधल्या सुट्टीत खाल्लेल्या भेळेवर. दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांनी एकाच प्रश्नात निदान केले : “काल कुठे वेल्डिंग पाहिलं होतं का?” दीड-दोन दिवसांत सगळी मुले बरी झाली.

शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला बोलावले ते मुलांना चार शब्द सांगण्यासाठी. आम्ही आधी त्या वेल्डर मिस्त्रींना गाठले. मुरबाडकडचे, पन्नाशीचे गृहस्थ. शाळेने सगळा दोष त्यांच्यावर टाकल्यामुळे जरा घुश्शातच होते. “सर, पोरांना मी दोनदा हाकललं. ऐकतंय कोण?” त्यांनी आपली ‘स्क्रीन’ आम्हाला दाखवली. वेल्डर तोंडासमोर जी ढाल धरतो तिला या धंद्यात स्क्रीन म्हणतात. हातात धरायची ती हँड स्क्रीन, डोक्यावर बसवायची ती हेड स्क्रीन. मिस्त्रींची स्क्रीन घरी केलेली होती. वडिलांच्या गिरणीच्या काळातल्या एका जुन्या, कडक पुठ्ठ्यासारख्या सूटकेसचे झाकण कापून, कडा घासून, त्याला लाकडी मूठ रिव्हेटने ठोकली होती. काम इतके नेटके होते की पाहत राहावे. मधल्या चौकोनी खिडकीत मात्र काच नव्हती. मूळची काच फुटल्यावर त्यांनी तिथे रस्त्यावर मिळणाऱ्या दोन काळ्या गॉगलांची भिंगे एकावर एक चिकटवली होती.

आम्ही भिंगांकडे बोट दाखवले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, “काळी आहेत की! अजून किती काळी पाहिजेत?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मिळायला शास्त्रज्ञांना जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

गंमत अशी की उत्तराचे सगळे तुकडे दोन वर्षांच्या आत हाती आले होते. १८०० साली व्होल्टाने आपल्या विद्युतघटांच्या चळतीची माहिती लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. त्याच वर्षी विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या वर्णपटात तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, तापमापी ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. ते अवरक्त किरण. पुढच्याच वर्षी, १८०१ मध्ये, जर्मनीत योहान रिटरने वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाशी, जांभळ्याच्या पलीकडे, सिल्व्हर क्लोराइड ठेवले. ते दृश्य प्रकाशातल्यापेक्षा लवकर काळे पडले. ते अतिनील किरण. म्हणजे वीज, उष्ण अदृश्य किरण आणि रासायनिक अदृश्य किरण अशी तिन्ही अपत्ये एकाच काळात जन्मली. पण ती एकमेकांना ओळखत नव्हती.

विजेचा पुढचा प्रवास वेगाने झाला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्हीने सुमारे १८१० पर्यंत दोन हजार पट्ट्यांच्या जोड्यांची प्रचंड बॅटरी उभी केली. तिच्या दोन टोकांना कोळशाच्या कांड्या जोडून त्या किंचित दूर केल्या की मधल्या हवेतून लखलखणारी ज्योत निघे. आडव्या धरलेल्या कांड्यांमध्ये ती गरम हवेमुळे वर उचलली जाऊन कमानीसारखी वाकलेली दिसे, म्हणून तिचे नाव आर्क, म्हणजे कमान. आपली मराठी पाठ्यपुस्तके तिला प्रज्योत म्हणतात. वेल्डर ‘आर्क’च म्हणतो, म्हणून आपणही तेच म्हणू.

आर्कच्या प्रकाशाकडे पाहून डोळे दुखतात, हे प्रयोग करणाऱ्यांना लवकरच कळले. पण का दुखतात? सर्वांचे सरळ उत्तर असे की प्रकाश फार प्रखर आणि उष्णता फार. १८५८ साली पॅरिसमध्ये झां-मार्तें शार्को या वैद्याने एक टिपण प्रसिद्ध केले. पुढे मज्जाविकारांवरच्या कामासाठी जगभर नाव झालेले ते हेच शार्को. विजेच्या आर्कने पदार्थ वितळवण्याचे प्रयोग करणाऱ्या दोन रसायनशास्त्रज्ञांची कातडी उन्हाने भाजल्यासारखी लाल झाली होती आणि रात्री डोळे आमच्या शाळेतल्या मुलांसारखेच खुपत होते. पण प्रयोगाच्या वेळी त्यांना फारशी उष्णता जाणवलीच नव्हती. शार्कोने संशय घेतला तो रिटरच्या ‘रासायनिक’ किरणांवर. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

त्यानंतरच्या तीस वर्षांत आर्क प्रयोगशाळेतून बाहेर पडला. १८७८ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर आर्कचे दिवे लागले. १८८० च्या दशकात रशियन साम्राज्यातल्या निकोलाय बेनार्दोस याने कोळशाच्या कांडीच्या आर्कने धातू वितळवून जोडण्याची रीत काढली. स्तानिस्लाव ओल्शेव्स्की याच्यासह त्याने १८८५ ते १८८७ या काळात निरनिराळ्या देशांत तिचे पेटंट घेतले. १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव याने कोळशाच्या जागी धातूचीच कांडी वापरली. ती स्वतः वितळून सांध्यात उतरते. आजचा वेल्डर होल्डरमध्ये जो रॉड धरतो, त्याचे हे मूळ. रॉडवरच्या आवरणाची भर स्वीडनच्या ऑस्कर केलबर्गने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घातली. ते आवरण जळून त्याच्या वायूंनी आणि मळीने वितळलेल्या लोखंडाला हवेपासून जपते. ती मळी मग छिन्नीहातोड्याने टिपून काढावी लागते. रस्त्यावरून जाताना ऐकू येणारी टिकटिक तीच.

दिवे सांभाळणारे आणि सांधे जोडणारे असे आता शेकडो लोक आर्कजवळ काम करू लागले, तसे डोळ्यांचे दुखणेही पसरले. अखेर १८८९ साली स्टॉकहोमचे नेत्रवैद्य एरिक योहान विडमार्क यांनी शार्कोचा संशय प्रयोगाला लावला. प्रयोगाची मांडणी कोणाही विज्ञानशिक्षकाला आवडेल अशी आहे. आर्कचा प्रकाश पाण्याच्या थरातून जाऊ दिला. पाणी अवरक्त किरण शोषून घेते, पण अतिनील किरणांना बरेचसे जाऊ देते. दाह झालाच. मग अतिनील किरण अडवले. प्रकाश तसाच लख्ख होता, पण दाह झाला नाही. गुन्हेगार उष्णता नव्हती आणि दिसणारा झगमगाटही नव्हता. डोळ्यांना जे दिसतच नव्हते, ते डोळे भाजत होते.

हे कळायला इतका उशीर का झाला, याला आमच्या मते एक साधे कारण आहे. तव्याला हात लागला तर हात त्याच क्षणी मागे येतो. कारण आणि परिणाम शेजारी शेजारी असतात. अतिनील किरणांचे तसे नाही. डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे पारपटलाच्या, वरच्या थरातील पेशी ते शोषून घेतात. त्या पेशी लगेच मरत नाहीत. पाच-सहा ते दहा-बारा तासांनी त्या मरून गळू लागतात, खालची मज्जातंतूंची टोके उघडी पडतात, आणि मग प्रत्येक पापणी मिटताना वाळूचा कागद फिरल्यासारखे वाटते. नव्या पेशी आल्या की एकदोन दिवसांत दुखणे थांबते. म्हणून माणूस रात्रीच्या जेवणाला दोष देतो, साथीला देतो, दृष्ट लागल्याला देतो, पण दुपारच्या वेल्डिंगला देत नाही. बटाट्याची चकती आणि गुलाबपाणी यांनी गुण येतो असे वेल्डर सांगतात, तेही यामुळेच. थंडाव्याने बरे वाटते आणि एवढ्या वेळात पारपटल आपले आपण भरून येते. ही टोटकी निदान फारशी घातक तरी नाहीत. डोळा बधिर करणारे थेंब दुकानातून आणून पुन्हा पुन्हा घालणे मात्र फार वाईट. दुखणे कळेनासे होते आणि जखम भरणे लांबते.

इथे सूर्याशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण ५,५०० अंश सेल्सिअस. रॉडच्या आर्कचे तापमानही त्याच घरात किंवा त्याहून जास्त. पण सूर्य पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे आणि मध्ये ओझोनचा थर आहे. तो सर्वांत घातक अतिनील किरण वरच्यावर गाळून टाकतो. वेल्डरचा सूर्य त्याच्यापासून दीड फुटावर असतो आणि मध्ये ओझोनचा थर नसतो. मधल्या जागेत वेल्डर जे काही धरील, तेच त्याचे वातावरण.

मग त्याने काय धरायचे? सुरुवातीच्या वेल्डरांनी लाकडाच्या फळीला भोक पाडून तिथे रंगीत काचा बसवल्या. तांबडी आणि हिरवी, किंवा तांबडी आणि निळी, अशा एकावर एक. एक काच जो रंग सोडते तो दुसरी अडवते, एवढा त्यामागचा हिशोब. मिस्त्रींच्या दोन गॉगलांचे हे पणजोबाच म्हणायचे. साधी काचसुद्धा पारपटल जाळणारे आखूड लहरींचे बरेचसे अतिनील किरण अडवते, त्यामुळे रात्रीचे दुखणे या जोडकाचांनी कमी झाले असणार. पण रंगाचा हिशोब हा दिसणाऱ्या प्रकाशाचा हिशोब. तांबड्याच्या पलीकडच्या उष्ण किरणांना त्यांतली कोणती काच अडवते, हे रंगाकडे पाहून सांगता येत नाही.

या दुसऱ्या टोकाचा शोध वेल्डरांसाठी झालाच नाही. तो झाला काचकामगारांसाठी. काचेच्या भट्टीत वर्षानुवर्षे पाहणाऱ्यांना लवकर मोतीबिंदू होतो, ही जुनी माहिती होती. त्याचा छडा लावण्यासाठी रॉयल सोसायटीने १९०८ मध्ये समिती नेमली. तीत सर विल्यम क्रुक्स होते. आपल्याला ते कॅथोड किरणांच्या ‘क्रुक्स नळी’मुळे ठाऊक आहेत. तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडलेले होते. या गृहस्थांनी निरनिराळ्या धातूंची ऑक्साइडे घालून तीनशेहून अधिक प्रकारच्या काचा ओतल्या आणि प्रत्येक काचेतून किती अतिनील, किती दृश्य आणि किती उष्ण किरण पार होतात ते मोजले. १९१४ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. निष्कर्ष असा की सिरियम अतिनील किरण चांगले अडवते, आणि फेरस अवस्थेतले लोखंड उष्णतेचे किरण गिळते.

लोखंडाची ही करामत शिक्षकांनी जरूर सांगावी. काचेतले फेरिक लोखंड अतिनीलाकडच्या टोकाला पहारा देते, फेरस लोखंड अवरक्ताकडच्या. दोन्ही मिळून काचेला हिरवी छटा देतात. सोडावॉटरच्या जुन्या बाटलीचा हिरवट रंग वाळूत आपोआप आलेल्या लोखंडाचाच. म्हणून वेल्डिंगची खरी काच उजेडासमोर धरली तर बहुधा हिरवी दिसते. तो रंग शोभेचा नाही. पण बाटलीच्या तळाचा तुकडा लावून वेल्डिंग करता येईल, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. फरक प्रमाणाचा आहे, आणि तो प्रचंड आहे.

किती प्रचंड, ते काचेच्या नंबरावरून कळते. काचेतून दृश्य प्रकाशाचा कितवा भाग पार होतो, त्यावरून तिचा नंबर ठरतो. नंबर एकाने वाढला की पार होणारा प्रकाश २.७ पटींनी कमी होतो. नेमके सांगायचे तर दहाचा तीन-सप्तमांश घात. बारावीच्या वर्गाला लॉगरिदम शिकवताना इतके सरळ उदाहरण क्वचित मिळते. या हिशोबाने गॅस कटिंगसाठी वापरतात ती ५ नंबरची काच सुमारे बावन्नांत एक भाग प्रकाश सोडते. विजेच्या वेल्डिंगची १० नंबरची काच सात हजारांत एक, ११ नंबरची एकोणीस हजारांत एक, आणि १४ नंबरची पावणेचार लाखांत एक.

आता मिस्त्रींच्या जोडगॉगलाचा नंबर काढू. चांगला काळा गॉगल पंधरा टक्क्यांच्या आसपास प्रकाश सोडतो. एकावर एक दोन म्हणजे सव्वादोन टक्के, चव्वेचाळिसांत एक. सूत्रात घातले की नंबर येतो ४.८. हवा होता दहा-अकरा. आणि हा हिशोब फक्त दिसणाऱ्या प्रकाशाचा झाला. न दिसणाऱ्या दोन्ही टोकांचे काय, ते प्लास्टिक कोणते यावर अवलंबून. ते तर विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. काही प्लास्टिके अतिनील किरण अडवतात, काही अडवत नाहीत. रंगीत प्लास्टिक अवरक्त किरणांना बहुधा सरळ वाट देते. शिवाय अंधारात आपली बाहुली मोठी होते, ते वेगळेच. म्हणजे न गाळणाऱ्या काळ्या भिंगामागे डोळ्याचा दरवाजा उलट अधिक उघडा राहतो. काळेपणा ही एक गोष्ट आणि संरक्षण ही दुसरी. त्या दोन्ही एकाच काचेत आणाव्या लागतात. त्या आपोआप एकत्र येत नाहीत.

जाता जाता ग्रहणाविषयी. १९९५ च्या २४ ऑक्टोबरच्या सूर्यग्रहणापासून शाळाशाळांतून वेल्डिंगच्या काचेने ग्रहण पाहण्याची पद्धत रुळली आहे. त्यासाठी १४ नंबरची काच सांगितली जाते. हार्डवेअरच्या दुकानात ‘वेल्डिंगची काच द्या’ म्हटले की मिळते ती बहुधा १० किंवा ११ ची. ११ ची काच १४ च्या एकोणीस पट प्रकाश सोडते. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. काच विकत घेण्याआधी तिच्यावर नंबर कोरलेला आहे का, ते पाहावे. दोन काचा जोडायच्या असतील तर नंबरांची बेरीज करून एक वजा करावा. ७ आणि ८ मिळून १४ होतात, १५ नव्हे. आमच्या एका शिक्षकमित्राने या एकाची वजाबाकी विद्यार्थ्यांकडून सिद्ध करून घेतली होती.

पुन्हा ढालीकडे येऊ. काचेचा इतिहास प्रयोगशाळेत घडला, पण बाकीच्या ढालीचा कारागिराच्या हातात. लाकडी फळी जड होती. पत्रा हलका, पण तापतो, आणि होल्डर चुकून त्याला टेकला तर वीज खेळण्याचा धोका. शेवटी सोयीचा ठरला तो व्हल्कनाइज्ड फायबर. १८५९ साली इंग्लंडमध्ये टॉमस टेलर याने याचे पेटंट घेतले. कापसाच्या लगद्याचा कागद झिंक क्लोराइडमध्ये भिजवून, थरावर थर दाबून, धुऊन वाळवला की शिंगासारखा चिवट पुठ्ठा तयार होतो. तो हलका, विद्युतरोधक आणि ठिणगीने सहजासहजी न पेटणारा. रेडिओ दुरुस्त करणारे ज्याला फायबरचा वायसर म्हणतात, तो याचाच. आणि जुन्या काळच्या कडक सूटकेसेसही याच्याच. मिस्त्रींनी वडिलांच्या सूटकेसचे झाकण कापले, तेव्हा कारखाने स्क्रीनसाठी जे वापरत आले तेच द्रव्य त्यांनी न कळत निवडले होते. हीच हिकमत आजच्या ‘फायबर’च्या सूटकेसवर केली तर फसेल. ते साधे प्लास्टिक आहे, ठिणगीने वितळते. शब्द तोच राहिला, वस्तू बदलली.

आपल्या भागात हे सारे कसे आले? १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत रेल्वे आली तेव्हा लोखंड जोडायचे ते रिव्हेटने. जुन्या पुलांच्या तुळयांवर त्या रिव्हेटच्या टोप्या अजून दिसतात. वेल्डिंगला वीज हवी. १९२९ च्या सुमारास डोंबिवलीशेजारी ठाकुर्लीला चोळा पॉवर हाऊस उभे राहिले, पण ते रेल्वेगाड्यांसाठी. वेल्डिंगचे रॉड देशात बनू लागले ते स्वातंत्र्यानंतर. १९५१ मध्ये अडवाणी-ओर्लिकॉन कंपनी मुंबईत निघाली. १९६० मध्ये राज्याचे औद्योगिक विकास मंडळ आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्यांची पहिली वसाहत, आणि त्याच दशकात डोंबिवलीची एम.आय.डी.सी. आली. कारखान्यांतल्या वेल्डरच्या डोळ्यांची काळजी कायद्याने घेतली होती. १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टच्या ३५ व्या कलमात उडणाऱ्या कणांपासून आणि अतिप्रखर प्रकाशापासून डोळे वाचवण्यासाठी पडदे किंवा गॉगल सक्तीचे करण्याची तरतूद होती. १९६७ मध्ये वेल्डिंगच्या स्क्रीनसाठी भारतीय मानक निघाले, आय. एस. ११७९.

पण तो कायदा ‘कारखान्या’साठी होता, आणि मुळात विजेवर चालणारा कारखाना म्हणजे दहा किंवा अधिक कामगारांचा. १९८२ मध्ये ठाण्याची आणि १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका झाली, इमारतींवर इमारती चढल्या, आणि त्यांना ग्रिल बसवणारे दुकान होते मालक आणि दोन पोरे एवढ्याचे. कायद्याची रेघ वागळे इस्टेटच्या फाटकाशी थांबत होती. रस्त्यावरचा वेल्डर आणि त्याला पाहणारी मुले तिच्या बाहेर होती. घरगुती स्क्रीन तिथे जन्मली.

ती गरिबीमुळे जन्मली असे आम्हाला वाटत होते. मिस्त्रींनी आमचा गैरसमज दूर केला. काळी काच दोन-चार वडापावांच्या किमतीत मिळते, ती त्यांना परवडत नव्हती असे नाही. खरी अडचण दुसरीच. ग्रिलचा बार जागेवर धरायला एक हात लागतो, होल्डरला दुसरा. स्क्रीन धरायला तिसरा आणायचा कुठून? त्यात दहा नंबरच्या काचेतून आर्क पेटेपर्यंत काहीही दिसत नाही. रॉड नेमक्या जागी टेकवायचा तो आंधळ्याने टेकवल्यासारखा. म्हणून टाके मारताना वेल्डर स्क्रीन बाजूला ठेवतो, रॉड टेकवतो आणि क्षणभर मान फिरवतो. दिवसाकाठी असे शेदोनशे टाके. गॉगलांच्या भिंगांतून निदान बार तरी दिसतो, म्हणून ती त्यांना सोयीची. डोक्यावरच्या स्क्रीनने एक हात मोकळा होतो, पण ती प्रत्येक टाक्याला मानेच्या झटक्याने खाली पाडायची आणि पुन्हा वर करायची, तीही उन्हात, घामात.

या अडचणीवरचा खरा उपाय १९८१ मध्ये स्वीडनमध्ये निघाला. घड्याळाच्या आकड्यांत असते तसे द्रवस्फटिक काचेत बसवले. आर्क पेटताच प्रकाशसंवेदक ते ओळखतो आणि काच सेकंदाच्या अगदी लहान अंशात काळी होते. विझला की पुन्हा फिकट. यातला आम्हाला भावलेला भाग असा की काच फिकट असते तेव्हाही अतिनील आणि अवरक्त किरण अडतातच, कारण त्यासाठी वेगळा गाळणथर कायमचा बसवलेला असतो. मिस्त्रींच्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर आम्हाला देता आले नसते. फिकट असून वाचवणारी काच एकीकडे, आणि काळी असून न वाचवणारी दुसरीकडे. अशा स्क्रीन आता आपल्याकडेही पुष्कळ मिळतात आणि किंमतही उतरली आहे, तरी साध्या काचेच्या कित्येक पट आहेच.

डोळ्यांवर विषय संपत नाही. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधले अतिनील किरण या दोहोंना माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातले. उघडे हात, उघडा गळा आणि बंद खोली यांचा विचार म्हणूनच करायला हवा. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

शाळेत आम्ही मिस्त्रींनाच घेऊन गेलो. बाईंना हे आधी रुचले नाही, मग रुचले. मुलांपुढे एक प्रयोग केला. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाशी अवरक्त किरणांचा बारीक दिवा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यातून, बटण दाबताच लुकलुकताना दिसतो. मध्ये खिडकीची काच धरली, दिसला. मिस्त्रींच्या स्क्रीनमधली काळी भिंगे धरली. डोळ्यांना त्यांच्यापलीकडचा रिमोट जेमतेम दिसत होता, पण कॅमेऱ्यात दिवा जवळजवळ पूर्वीइतकाच लख्ख. मुलांनी ओरडाच केला. मग ११ नंबरची नवी काच धरली. दिवा गेला. शिक्षकांनी हा प्रयोग करताना इतके मात्र सांगावे की यात नापास झालेली काच नक्की टाकाऊ, पण पास झालेली निर्धोक ठरत नाही. रिमोटची तरंगलांबी एकच असते आणि अतिनीलाची यात परीक्षाच होत नाही. त्यासाठी काचेवर कोरलेला नंबर आणि मानकाची खूणच पाहावी लागते.

मिस्त्रींनी तिथेच खिशातून पक्कड काढली, गॉगलांची भिंगे उचकटली आणि सूटकेसच्या झाकणात नवी काळी काच बसवली. तिच्या पुढे ठिणग्या झेलायला साध्या काचेचा एक तुकडा लावला, तो फुटला तर बदलता येतो. मग बाईंना म्हणाले, “एक जुनी चादर द्या. काम करीन तिथं आडवी बांधतो. पोरं काय ऐकायची नाहीत.” बाईंनी गॅदरिंगचा जुना जाड पडदा काढून दिला. उरलेले ग्रिल त्यांनी रविवारी, त्या पडद्याआड, पूर्ण केले.